शेंगाअण्णाची मूठ

शेंगाअण्णाला किती काळजी लागली आहे, हे त्याला विचारावं लागत नसे. त्याच्या पुढ्यातला टरफलांचा ढीग बघितला की कळायचं. किरकोळ काळजी असली तर ढीग ताटलीत मावायचा. घरून फोन आला असला किंवा साहेबांनी बोलावलं असलं की खाली वर्तमानपत्र पसरावं लागायचं. गंमत म्हणजे सोललेले दाणे तो स्वतः फारसे खात नसे. काळजीनं त्याच्या घशाखाली घासच उतरायचा नाही. दाणे एका बाजूला गोळा करायचे आणि गप्पपणे माझ्याकडं सरकवायचे, हा त्याचा शिरस्ता. त्या दिवसांत काळजी त्यानं केली आणि वजन माझं वाढलं.

तो आळंद तालुक्यातल्या खजुरीचा, मी हळ्ळीखेडचा. बसवकल्याणच्या कॉलेजात आम्ही केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो आणि गुलबर्ग्याच्या पुढं एका सिमेंट कारखान्याच्या लॅबमध्ये शिकाऊ म्हणून एकाच दिवशी लागलो. खोलीही एकच घेतली. नोकरी लागली तरी पक्की नव्हती. शिकाऊपणाचा काळ संपला की डॉक्टरी तपासणी, आणि त्यात पास झाला तरच कायम. माझ्यासाठी ती कारखान्याची एक रीत होती. शेंगाअण्णासाठी तो फास होता, कारण आदल्या वर्षी असाच एका नोकरीच्या तपासणीत तो ब्लडप्रेशर जास्त भरलं म्हणून परत आला होता. तेव्हापासून खजुरीत त्याला प्रत्येक सणाला कुणी ना कुणी विचारायचं, ‘आता तब्येत बरी हाय का?’ धडधाकट पोराला गावानं आजारी करून टाकलं होतं. “आन् पुन्यांदा परत गेलो तर अव्वा दाराबाहीर निघायची न्हाई,” तो म्हणायचा. अव्वा म्हणजे त्याची आई.

‘समजा’ हा त्याचा आवडता शब्द होता. समजा, कंपनीची बस चुकली. समजा, गॅस चालू राहिला. समजा, साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं आणि आपण गडबडीत मराठीत उत्तर दिलं. मी एकदा वैतागून म्हणालो, “समजा, काहीच झालं नाही?” त्यानं त्यावरही गंभीरपणे विचार केला. “मग तर लईच वंगाळ. मग उद्याला काय व्हईल?” असल्या माणसाचं काय करायचं?

पण सकाळचा थोडा वेळ हा माणूस वेगळाच असायचा. त्याच्या घरचे बसवमार्गी लिंगायत, लहानपणीच दीक्षा झालेली, गळ्यात दोऱ्यानं बांधलेल्या चांदीच्या डबीत लिंग. आंघोळ करून तो खिडकीजवळ मांडी घालायचा, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचा, हात छातीसमोर धरायचा आणि नुसता बघत बसायचा. ओठ हलायचे, बाकी काही हलायचं नाही. जगातला सगळ्यात काळजीखोर माणूस तेवढा वेळ निवांत असायचा. मी बौद्ध घरचा. समोरच्या फळीवर माझी छोटी बुद्धमूर्ती होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं होतं, “तुझ्या मूर्तीकडं माझी पाठ व्हायलीय. चालतंय का?”

“चालतंय. ओला टॉवेल तेवढा तिथं टाकू नको,” मी म्हणालो. त्याची मान डोलली आणि टॉवेलसाठी त्यानं त्याच दिवशी दाराला खिळा ठोकला. आमच्यात जातीधर्मावर झालेली पहिली आणि शेवटची चर्चा एवढीच. हळ्ळीखेडला आजोबांच्या काळातलं काय काय ऐकत मी मोठा झालो आहे, त्यामुळे त्या खिळ्याचं मला जास्तच कौतुक वाटलं.

खाण्याचं मात्र अवघड होतं. फुंकलं तर उडेल असं त्याचं अंग. तपासणीत वजनही बघतात हे कळल्यापासून तो मोबाईलवर शरीर कमावणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायला लागला. ते सगळे अंडी खा म्हणून सांगायचे आणि हा लसणाच्या पातीपलीकडं न गेलेला. मग सोयाबीन झालं, मोडाची मटकी झाली, तूरडाळीचं घट्ट वरण पेल्यात घेऊन पिऊन झालं. शेवटी गाडी शेंगांवर येऊन थांबली. अव्वा गावाकडून कडक भाकरी, शेंगाची चटणी, सणासुदीला शेंगापोळी पाठवायचीच, त्यात आता शेंगांचं पोतंही यायला लागलं. त्यावरूनच लॅबमध्ये त्याचं नाव पडलं. मी स्टोव्हवर अंडी उकडायला ठेवली की तो दाराबाहेर जाऊन उभा राहायचा आणि बाहेरून विचारायचा, “वाफ लागती का रं?”

“लागती. मग माणूस कोंबडीगत ओरडायला लागतंय.”

“कामून चेष्टा करायलास?”

आणि याच माणसानं मला ताप आला तेव्हा अंडी उकडली. मी अंथरुणातून बघत होतो. सांडशीनं एकेक अंडं लांब धरून त्यानं पातेल्यात सोडलं, तोंड खिडकीकडं वळवलं आणि विचारलं, “किती उकळायचं? भातायवढं का डाळीयवढं?” डाळीएवढं उकळलं. अंडी रबरासारखी झाली होती. मी सगळी खाल्ली. नंतर त्यानं पुन्हा आंघोळ केली, हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

व्यायामालाही तो काळजीनंच जायचा. हार्डवेअरच्या दुकानावर एक जिम होती, तिथं तो इतका घाम गाळायचा की गळ्यातला दोरा काळा पडला. सकाळी तुरीच्या रानातल्या वाटेनं पळायचा. अंग भरलंही थोडं. पण औषधाच्या दुकानात प्रेशर मोजायला बसला की दंडाला पट्टा लागायच्या आधीच याचं काळीज धडधडायला लागायचं, आणि यंत्र दर वेळी जास्तच दाखवायचं. त्यानं मीठ सोडलं, चटणी सोडली. जिभेवर पाणी सोडलं म्हणा ना. तरी यंत्र काही ऐकेना.

आमच्या लॅबमध्ये सिमेंटचे ठोकळे करून हौदाच्या पाण्यात ठेवतात आणि नेमल्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. किती दाब सोसला त्यावरून माल पास की नापास. शेंगाअण्णा रोज हौदाशी जाऊन त्या ठोकळ्यांवरून हात फिरवायचा. फोडायच्या दिवशी हळूच म्हणायचा, “घाबरू नका रं लेकरांनो.” आम्ही हसायचो. एकदा मशीन सुरू करता करता तो मला म्हणाला, “मला बी असंच दाबून बघणार हायत. मी फुटतो मर्दा, लगीच फुटतो.” तेव्हा मात्र मला हसू आलं नाही.

तपासणी जवळ आली आणि त्याला नवीनच काळजी सापडली. कारखान्यात धूळ, म्हणून छातीचा एक्सरे काढतात, आणि एक्सरेला गळ्यातलं सगळं उतरवावं लागतं. लिंग देहावरून उतरलं नव्हतं ते दीक्षेपासून. मी म्हटलं, “पँटच्या खिशात ठेव.”

तो दचकलाच. “बेंबीच्या खाली? खुळा झालास का?”

शेवटी तोडगा निघाला की डाव्या मुठीत धरायचं. मूठ म्हणजे देहच. मग आमच्या खोलीत तालीम सुरू झाली. कपाटाच्या दाराला छाती लावायची, हात कमरेवर, डावी मूठ बंद, श्वास आत. मी मागून एक्सरेवाला होऊन ओरडायचो, “श्वास रोखा!” तो इतका वेळ रोखून धरायचा की मलाच भीती वाटायची.

तपासणीच्या दिवशी आम्ही गुलबर्ग्याला गेलो. त्यानं सकाळी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. सदरा काढून दवाखान्याचा झगा घालायचा होता. गळ्यातलं काढताना त्यानं इतक्या घाईनं ओढलं की दोरा तटकन तुटला. जिममधल्या घामानं कुजला होता, दुसरं काही नाही. पण त्याचा चेहरा बघून मला वाटलं की हा आता इथंच बसणार.

“बघितलास? आज कामून तुटला? आजच कामून?”

“जुना झालेला दोरा. चल, नंबर आला,” मी म्हणालो. त्याचा सदरा उचलला आणि त्याला पुढं ढकललं.

एक्सरे नीट झाला. तालीम कामी आली. पण लगेच शेजारच्या टेबलावर प्रेशर. माझा नंबर त्याच्यामागं, म्हणून मी दारात उभा होतो. गळ्यात बांधायला दोरा नाही, झग्याला खिसा नाही, म्हणून मूठ तशीच आवळलेली. तिथं एक वयस्कर नर्स होती, सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. तिनं डाव्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, भुवया वर केल्या. थोड्या वेळानं पुन्हा बघितला. तो आधीपेक्षा जास्त. डॉक्टरीणबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “एकदा अजून बघू. तरी उतरलं नाही तर अनफिट लिहावं लागेल.”

शेंगाअण्णाच्या कपाळावर घाम आला. मला एकदम खजुरी दिसली, दारात न येणारी अव्वा दिसली. खाला त्याच्या डाव्या हाताकडं बघत होती.

“मुठ्ठी कायकू बंद कर्को बैठे बेटा? हात आवळ्या तो प्रेशर चढताच. ढिला छोडो.”

तो मूठ सोडेना. बोटांची पेरं पांढरी पडली होती. “पडंल,” एवढंच तो म्हणाला, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी दारातून आत कधी गेलो ते मला कळलं नाही. आत जायची परवानगी नव्हती.

मी म्हणालो, “अण्णा, सकाळी खिडकीपाशी बसतोस तसा बस की.”

त्याला आधी समजलं नाही. मी माझा डावा हात छातीसमोर धरून दाखवला, तळवा वर. मग खालाला सांगितलं, पट्टा उजव्या हाताला लावा. तिनं एकदा डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, त्यांनी मान हलवली. शेंगाअण्णानं हळूहळू मूठ उघडली. डबीतून लिंग काढून तळहातावर ठेवलं, हात छातीसमोर धरला आणि बघायला लागला. ओठ हलायला लागले. बाहेर रांगेतली माणसं बोलत होती, कुणाचा तरी फोन वाजत होता. तो तिथं नव्हताच. खालानं घाई केली नाही. बऱ्याच वेळानं तिनं हळूच फुगा दाबला. मी आकडा बघितला नाही. माझी हिंमतच झाली नाही. तिचा आवाज तेवढा ऐकला.

“अब्बी बराबर है. इत्ती देर कां थे बेटा तुम?”

खोलीवर येईपर्यंत तो बसमध्ये तळहात छातीशी धरून बसला होता. आल्यावर आंघोळ केली, नवा दोरा ओवला, गळ्यात बांधला आणि मग जेवायला बसला. कडक भाकरी, चटणी, वर मीठ. त्यानंतर शेंगा घेतल्या. सोलायचा आणि तोंडात टाकायचा, सोलायचा आणि टाकायचा. त्या दिवशी मला एक दाणासुद्धा मिळाला नाही.

“अव्वाला दोऱ्याचं सांगू नको,” तो भरल्या तोंडानं म्हणाला.

आम्ही दोघेही कायम झालो. पण कायम झाल्यावर त्याला आंध्रातल्या दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. सामान बांधताना पुन्हा वर्तमानपत्र पसरलं गेलं. “समजा, मला तेलुगू आलं न्हाई?” “समजा, तिथं खिडकीच नसली?” मी प्रत्येकाला उत्तर देत होतो. शेवटी तो म्हणाला, “आन् समजा, तुला ताप आला?” मी त्याची ट्रंक उचलली आणि बाहेर नेऊन ठेवली. जाताना अर्धं पोतं शेंगा तो माझ्यासाठी ठेवून गेला. दारावरचा खिळा अजून आहे.

आता फोन येतो अधूनमधून. आधी तोच विचारतो, “जेवायलास का?” पलीकडून टरफलांचा आवाज येत असतो, त्यावरून मला तिकडचं सगळं कळतं.

परवा आमची वार्षिक तपासणी झाली. त्याच दवाखान्यात, या वेळी मी एकटा. या वर्षी लॅबमधली माणसं कमी करणार आहेत असं कारखान्यात सगळे बोलतात आणि आमच्या घरातला पहिला पक्का पगार माझाच. झोप नीट लागत नाही. खालानं पट्टा बांधला, आकडा बघितला आणि भुवया वर केल्या. मग तिनं मला ओळखलं.

“वो दोस्त कां है तुम्हारा?”

“आंध्राला गेला.”

ती दुसऱ्यांदा फुगा दाबणार, तेवढ्यात मी म्हणालो, “खाला, जरा थांबा.” पट्टा उजव्या हाताला लावून घेतला. डावा हात छातीसमोर धरला, तळवा वर केला. माझ्या तळहातावर काहीच नव्हतं. तरी मी तिथंच बघत बसलो. खिडकी दिसली, पाठमोरा तो दिसला, दारावरचा ओला टॉवेल दिसला. खाला थांबली होती.

“दबाऊं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “दाबा.”