एकाच तोंडाचे बारा पुतळे

कल्याणच्या पारनाक्यामागे रतन पेडणेकरांचा गणपतींचा कारखाना आहे. माणूस मूळचा सावंतवाडीकडचा, साठीला आलेला. हात सुरेख, जीभ कुजकट. गिऱ्हाइकाला अक्कल नसते हे त्यांचं ठाम मत. तीन वर्षांपूर्वी दिल्लीच्या एका लोकसंस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडून काम आलं आणि त्या मतावर सरकारी शिक्का बसला.

बारा जमातींचे बारा पुरुष हवे होते, फायबरचे, माणसाच्या उंचीचे. रतननी फोटो मागवले. आले ते फक्त कपड्यांचे आणि दागिन्यांचे. तिथले अधिकारी केदार नाडकर्णी मराठीच होते. रतननी त्यांना फोन केला.

"चेहरे कसे करू?"

"पारंपरिक करा."

"पारंपरिक म्हणजे?"

"साधे हो. थोडे सावळे. गावाकडचे वाटले पाहिजेत."

"चार दिवस जाऊन त्या लोकांना बघून येतो."

"तेवढा वेळ नाहीये. उद्घाटनाची तारीख ठरलीय."

फोन ठेवल्यावर रतननी डोंबिवलीहून मेहुण्याला बोलावून घेतलं. सुमित विमा कंपनीत कारकून, दोन जिने चढला की कठडा धरून उभा राहणारा. त्याला खुर्चीत बसवून तोंडाचा साचा काढला आणि तेच तोंड बाराही धडांना लावलं. कुठे मिशी, कुठे गोंदण, कुठे रंगाचा एक हात जास्त.

"त्या शहाण्यांना कळणार नाही," ते बायकोला, लक्ष्मीला, म्हणाले. खरंच कळलं नाही. उलट आभाराचं पत्र आलं.

गेल्या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नासाठी दोघं दिल्लीला गेलेली, तेव्हा रतन मुद्दाम लक्ष्मीला घेऊन संग्रहालय बघायला गेले. हसायलाच गेले म्हणा ना. आत एक गाईडबाई दहा-बारा जणांना पुतळे दाखवत होती. "ह्या जबड्याची ठेवण पाहा," ती हिंदीत म्हणाली, "पिढ्यानपिढ्या डोंगर चढून आलेला कणखरपणा आहे हा." दोघातिघांनी ते वहीत लिहून घेतलं.

लक्ष्मीने पदर तोंडाला लावला. "अहो, आमच्या सुमितला कणखर म्हणतेय ती."

"शिकलेली माणसं," रतन म्हणाले. "बारा वेळा तेच तोंड बघतील आणि बारा वेळा माना डोलावतील."

सातव्या पुतळ्यापाशी एक म्हातारा आपल्या मुलीबरोबर उभा होता. इस्त्रीचा सदरा, शाळामास्तरासारखा. मुलगी फोटो काढणार, तेवढ्यात तो म्हणाला, "नको. कपडे आपले आहेत. माणूस आपल्यातला नाही." मग त्याने पहारेकऱ्याला विचारलं, हा केला कोणी? पहारेकऱ्याला माहीत नव्हतं.

रतनना पुढे निघून जाता आलं असतं. का कोण जाणे, ते म्हणाले, "मी केलाय."

"आमच्याकडे कधी आला होतात?"

"नाही."

"मग हा कोण?"

"माझा मेहुणा."

म्हातारा चिडला नाही. त्याने रतनना डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं, रतन गिऱ्हाइकाला पाहतात तसं, आणि मुलीला घेऊन पुढच्या दालनात गेला.

"माफी तरी मागायची," लक्ष्मी हळूच म्हणाली.

"नुसत्या कपड्यांचे फोटो पाठवणाऱ्याने मागावी," रतन म्हणाले खरं, पण पाय नाडकर्णींच्या खोलीकडे वळले. सातवा पुतळा नवा करून देतो, त्या गृहस्थाला समोर बसवून करतो, असं त्यांनी सांगितलं.

"पण तक्रार कुणाचीच नाही," नाडकर्णी म्हणाले.

"आत्ताच एकाने केली."

"लेखी आहे का?"

रतन उठून बाहेर आले. तोवर बापलेक निघून गेली होती. फाटकापर्यंत जाऊन ते दोन्ही बाजूंना बघून आले.

जूनमध्ये नाडकर्णींचा पुन्हा फोन आला. आता सहा बायका हव्या होत्या.

"आधी त्या बायका दाखवाल का?" रतननी विचारलं.

"कपड्यांचे फोटो पाठवतो ना."

"मग कपडेच टांगा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं. सातवा पुतळा आहे तिथेच आहे. त्या म्हाताऱ्याचं नाव विचारायचं राहिलं, एवढं मात्र रतन कधीमधी लक्ष्मीजवळ बोलून दाखवतात.