सर्वानुमते जाळलेलं पोळं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गच्चीवरच्या टाकीखाली मधमाश्यांचं पोळं लागलं, तेव्हा आम्ही बिबट्या शिरल्यासारखी तातडीची मीटिंग घेतली. तोवर एकालाही माशी चावली नव्हती, पण चावली असती तर जबाबदार कोण, यावर तासभर चर्चा झाली. पोळं जाळायचा ठराव सर्वानुमते पास झाला. सर्वानुमते म्हणजे माझाही हात वर होता. मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

त्याच गच्चीवर मी हौसेने लाल भोपळ्याचा वेल लावलेला. फुलं भरपूर आली. मादी फुलाच्या मागे लिंबाएवढा भोपळा दिसायचा आणि चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. मी शेणखत घातलं, ताक शिंपडलं, वेलाची दृष्टसुद्धा काढली. शेवटी गावाहून सासूबाई आल्या. वेलाकडे बघून म्हणाल्या, "अगं, माश्या कुठे गेल्या तुमच्या?"

आता रोज सकाळी, फुलं मिटायच्या आत, मी मुलीचा चित्रकलेचा ब्रश घेऊन नर फुलातले पराग मादी फुलांना लावत फिरते. एम.कॉम. केल्याचं चीज झालं. परवा चेअरमन वर आले, पाच मिनिटं कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आमच्याही वेलाला लावा ना. तुमच्या हाताला गुण आहे."

असणारच. मीटिंगमध्ये सगळ्यांत आधी वर गेला होता, तो हाच हात.