नात्यात नसलेला दुभाषी

तेव्हा मी नवीकोरी वकील होते. काळा कोट मामाने अंदाजाने शिवून आणलेला, त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. पण जालन्याच्या कोर्टात उभी राहणारी बाई म्हणून माझी मान इतकी ताठ, की पायाखालचा खड्डासुद्धा दिसायचा नाही.

माझी पहिली अशील जालन्याच्याच मस्तगड वस्तीतली एक अरब आजी. बाप निजामाच्या फौजेत. त्याचं बोट धरून ती पोरवयात इकडे आली, इथेच नांदली, इथेच विधवा झाली. कागद कुणी केलेच नाहीत. आणि आता, सत्तरच्या दशकात, नोटीस आली: परदेशी बाई, परत का पाठवू नये ते सांगा. त्यातच तिला लकवा झाला आणि जन्मभर बोललेली दखनी पुसून गेली. उरली फक्त लहानपणची अरबी. चौकशीचे साहेब दक्षिणेतले, जबाब इंग्रजीत हवा. दुभाषी आणा म्हणाले, पण नात्यातला चालणार नाही.

"एवढंच ना?" मी तिच्या लेकीला म्हणाले. "उद्या आणते."

मौलवीसाहेबांनी हात जोडले. अरबी वाचायचे अस्खलित, बोलणं जमत नव्हतं. वस्तीतल्या तरुणांना अरबी येत नव्हती. ज्या म्हाताऱ्यांना येत होती त्यातला कुणी आजीचा दीर, कुणी व्याही, कुणी मावसभाऊ. आणि इंग्रजीच्या नावानं सगळीकडेच आनंद. मी तोंड लपवत फिरायला लागले.

शेवटी लेकच चाचरत म्हणाली, "आष्टी में एक बडे मियाँ हैं. आमराई राखते. जवानी में एडन के बंदर पे गोरों के पास थे. पन जाने के पहले अम्मा को पूछो."

"त्यात विचारायचं काय?" म्हणत मी एसटीत बसले.

आंब्याखाली बाजेवर मेंदी लावलेल्या दाढीचा म्हातारा. मी ठणकावून विचारलं, "तुम्ही मस्तगडच्या आजींच्या नात्यातले नाहीत ना?"

"न्हाई बेटी. होनार होतो. तिच्या अब्बानं न्हाई म्हटलं."

यावर शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी टाळी वाजवून म्हणाले, "वा! फारच छान झालं!"

चौकशीच्या दिवशी त्यानं शपथ घेतली: ऐकेन ते सगळं सांगेन, काही गाळणार नाही. आजीनं त्याला पाहिलं, चांगल्या हातानं ओढणी सारखी केली आणि काहीतरी पुटपुटली. म्हातारा इंग्रजीत म्हणाला, "ती म्हणते, हा माणूस फार म्हातारा झाला."

"कोण माणूस?" साहेबांनी विचारलं.

"मी, साहेब."

साहेबसुद्धा हसले. मग त्यांनी विचारलं, मायदेशी परत जाल का?

आजी वाकड्या ओठांनी हळूहळू बोलू लागली. तो घाई न करता तिच्या मागोमाग सांगत गेला. "तिकडे मला ओळखणारं कुणी जिवंत नाही. माझी माणसं इथल्या मातीत आहेत. लेक मला घास भरवते. तिकडे कोण भरवेल?" शेवटच्या वाक्याआधी त्याला पाणी मागावं लागलं.

साहेबांनी इथेच राहू द्यावं असा हुकूम लिहिला. लेक आईला मिठी मारून रडत राहिली.

बाहेर टांग्यात बसवताना आजी त्याला अरबीत हळूच काही बोलली.

"काय म्हणाल्या?" मी.

"शपथ अंदर की थी, बेटी."

टांगा निघाला. म्हातारा चाकाशेजारून चालू लागला.

"बाबा, एसटी स्टँड इकडे आहे!" मी मागून हात करून ओरडले, तेवढ्यात टांग्याबरोबर चालणाऱ्या लेकीनं वळून माझ्याकडे असं पाहिलं, की माझा हात हवेतच राहिला.