कॅरिअरवरचा ब्रेक

आमच्या सायकलला ब्रेक लागत नव्हता. तशी गरजही नव्हती, कारण मागे आमची बायको शेवंती बसायची.

आम्ही दोघं मिळून शेवटचं गेलो ते बांगडे आणायला, नाहूरचा पूल ओलांडून. ती कॅरिअरवर नेहमीसारखी उलटी, माझ्या पाठीला पाठ लावून. पुढचं मी बघायचं, मागचं तिने. "ओ, टेम्पो इलो! डावीकडे घ्या!" हा आमचा हॉर्न. वळायचं असलं की ती हात बाहेर काढायची. (तोंड उलटं, त्यामुळे कधीकधी हातही उलटा. रिक्षावाल्यांच्या शिव्या मात्र सुलट यायच्या!) उतार आला की दोन्ही टाचा रस्त्यावर. वर्षाला चपलांचे चार जोड झिजायचे, पण ब्रेकचं रबर? एकदाही नाही! मी छाती काढून सांगायचो, "आपल्या सायकलला मेन्टेनन्स शून्य!"

पुढच्याच आठवड्यात ती झोपेत गेली. चाळीस वर्षांत मला न सांगता गेली ती तेवढी एकदाच.

सायकल तीन महिने जिन्याखाली पडून. मग आमचा मुलगा प्रकाश म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला बोलवतो. तुमचं वय काय, रस्त्यावरचं ट्रॅफिक काय!"

"तुझ्या आईची बसायची जागा आहे ती. भंगारात घालतोस?"

डोकंच फिरलं. टांग टाकली आणि निघालो.

पुलाच्या माथ्यावर सवयीने ओरडलो, "मागे बघ गो, कोण येता?"

"मी येतोय काका, साइड द्या ना!"

रिक्षावाला! दचकून मी सायकल उतारावर सोडली. ती सुटली ती सुटलीच. "पाय टेक गो! टेक!" मी बोंबलतोय, आणि मागे कोणीच नाही! ब्रेक दाबला तर दांडी हातात आली. घंटी कधीच नव्हती, म्हणून तोंडानेच "ट्रिंग ट्रिंग!" करत सुटलो. एका बाईने कुत्रा उचलला, एका साहेबाने मोबाइल टाकला, आणि उताराच्या तळाशी आमची नेहमीची कोळीण बसते, तिच्या पाटीत मी थेट डोक्यावर!

"काय रं म्हाताऱ्या, डोलं घरी ठेवून आलास? आनि बाय कंय हाय?"

डोक्यावरचा बोंबील काढत मी सांगितलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला. (एरवी शेवंतीशी अर्धा तास भांडल्याशिवाय मासा द्यायची नाही.) मग म्हणाली, "तिनं येवढी वर्सं तुला जिता घरी नेला. आता ब्रेक लाव, मेल्या!"

घरी माझ्या अंगावर खवले बघून प्रकाश म्हणाला, "बस्स! उद्या दहा वाजता भंगारवाला."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी सायकलवाल्याच्या टपरीवर हजर.

"दोन्ही ब्रेक नवे, घंटी, मागे लाल दिवा. चेनला तेल, चाकात हवा. आणि आरसा पण लाव."

"काका, लग्नाला निघालात की काय?"

"तू पाना फिरव."

मग पूल चढलो. उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले. वळताना हात दाखवला, तोही सुलट! कोळणीसमोर झकास थांबलो, बांगडे घेतले, परत फिरलो. दहाला गेटवर प्रकाश आणि भंगारवाला उभे. घंटी वाजवली, ब्रेक दाबला. भंगारवाल्याच्या अंगठ्यापासून वीतभर अलीकडे सायकल उभी!

"अरे, ये तो एकदम चालू है!" म्हणत तो निघून गेला.

प्रकाशने गुपचूप पिशवी घेतली. "उद्यापासून सांगून जात जा, बाबा," एवढंच बोलला. जिंकलो!

फक्त आरसा जरा वाकडा बसलाय. मागचं काही दिसत नाही. जाता-येता सबंध रस्ताभर माझंच थोबाड समोर! तेव्हा कुठे कळलं, शेवंती चाळीस वर्षं तोंड फिरवून का बसायची!