सरपंचाचं प्लास्टिकचं हाड

ही गोष्ट मी निदान पन्नास वेळा सांगितली असेल. आणि तरीही — ती मी अजून कोणालाच सांगितलेली नाही. कसं ते सांगतो. जरा दमानं घ्या. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, घरचे सगळे याला साक्षी आहेत.

मी धुळ्यात जनावरांचा डॉक्टर. वय बावन्न, पोट त्याहून वडील. गोतावळ्यात गोष्ट सांगायचा मान माझा. हिवाळ्यात नानांच्या शेतात भरताची पार्टी असते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला लागली, की कोणीतरी विचारतंच, "डॉक्टर, ते हाड आणलं ना?" आणलेलं असतं. पांढरं, प्लास्टिकचं, वीतभर लांब. हातोहात फिरतं, त्याला भरताचं तेल लागतं, आणि मी घसा खाकरतो.

नाना म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. शिंदखेड्याजवळ त्यांची शेती. सरपंच म्हणजे त्यांचा कुत्रा. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडतो आणि काम काही करत नाही, म्हणून ते नाव. (खऱ्या सरपंचांनी मनाला लावून घेतलं नाही. मोठा माणूस.)

तर एका श्रावणात ट्रॉलीचं चाक सरपंचाच्या पुढच्या पायावरून गेलं. मी प्लेट आणि सहा स्क्रू घालून हाड जोडलं. हाड जुळलं, पण पंजा बाहेर फिरलेला राहिला. चालताना सरपंच होडी वल्हवत असल्यासारखा दिसायचा. पळाला की तोंडावर पडायचा. वर्षभर तसंच. मग नानांची मुलगी मृणाल — जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते — म्हणाली, "काका, पायाचा स्कॅन आणा, मी हाड छापून देते."

हाड छापून! मला वाटलं, पोरगी लग्नपत्रिका छापायची असल्यासारखं बोलतेय. पण दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं थ्री-डी छपाईचं यंत्र मोकळं होतं, आणि तिनं एक नाही, दोन प्रकारची हाडं आणून दिली. एक वाकड्या पायाचं, जुन्या प्लेट-स्क्रूसकट जसंच्या तसं, तीन प्रती. दुसरं चांगल्या पायाचं, पण आरशात पाहिल्यासारखं उलटवलेलं — म्हणजे हा पाय कसा असायला हवा होता, ते. वाकडं हाड कुठं कापून किती फिरवलं की या दुसऱ्यासारखं होईल, ते बघायला मी जेवणाच्या टेबलावर करवत घेऊन बसलो. पहिलं हाड चुकीच्या जागी कापलं. दुसरंही. बायको म्हणाली, "पिठात भुसा पडतोय, आणि कुत्रा खरा असता तर आतापर्यंत दोनदा लंगडा झाला असता!" तिसऱ्याला जमलं. नवी प्लेट त्याच हाडावर आधीच वाकवून ठेवली. ऑपरेशनच्या दिवशी ती खऱ्या हाडावर डब्याच्या झाकणासारखी बसली. अंदाज नाही, खटपट नाही. अडीच महिन्यांनी सरपंच बांधावरून सरळ पळाला — एकदाच, एक्सरे चांगला आल्यावर, माझ्यासमोर — आणि मी, एवढा मोठा बाप्या, कपाशीत उभा राहून रडलो.

अभिमान आहे मला. आजही आहे. तीस वर्षांत माझ्या हातून इतकं नेटकं काम झालं नाही, आणि नम्रपणाचा आव आणला तर तुम्हीच हसाल.

इथं गोष्ट संपते. म्हणजे — मी संपवतो. लोक टाळ्या देतात, आणि नाना उठून दरवेळी अहिराणीत तेच म्हणतात, "मनी चूक व्हती. यानी सुधारी." मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो.

काय चूक होती नानांची? पहिल्या ऑपरेशननंतर, त्याच श्रावणातल्या पोळ्याच्या दिवशी त्यांनी दोर सोडला. मी सांगितलं होतं, दोन महिने कुत्रा बांधून ठेवा. पण पोळ्याला नानांच्या दारात कुठलंच जनावर बांधलेलं नसतं, वडिलांपासूनची रीत. सरपंच विहिरीपर्यंत गेला, परत येऊन झोपला. एवढंच. नानांनी स्वतःच मला फोन करून सांगितलं, "सणना दिन शे, भाऊ. बठ्ठा मोकया व्हतात, त्यालेबी सोडं." सगळी जनावरं मोकळी होती, म्हणून त्यालाही सोडलं.

आणि मी काय म्हणालो?

थांबा. त्याच्या आधीचं सांगतो. पोळ्याच्या आठवडाभर आधी मी टाके काढायला गेलो होतो. तेव्हाच पंजा मला बाहेर वळलेला दिसला होता. दिसला होता. दोरही होता, गाठही होती, कुत्रा जागचा हललेला नव्हता. मी म्हणालो, सूज आहे. चहा घेतला, आणि धुळ्याची गाडी धरली. आणि मग नानांचा तो फोन आला. मला — खरं सांगतो — हायसं वाटलं. मी म्हणालो, "नाना, तुम्ही सोडला, तिथंच प्लेट सरकली."

प्लेट सरकली नव्हती. छापलेल्या हाडानं ते सांगितलं. त्याला माझी भीड कुठली? सहाही स्क्रू मी घातले तिथंच, प्लेट हाडाला चिकटून. मीच खालचा तुकडा फिरवून जोडला होता, आणि एक्सरे एकाच बाजूनं काढून शाबासकी घेतली होती. मृणालनं हाड टेबलावर ठेवून विचारलं होतं, "काका, प्लेट तर हललेली दिसत नाही. मग नानांमुळं कसं?" किती आशेनं विचारलं होतं पोरीनं! बापाला सोडवायला आली होती ती. मी म्हणालो, "तुला यंत्रातलं कळतं, हाडातलं नाही कळायचं." तिनं पुन्हा विचारलं नाही. तिनंच छापलेलं हाड मी गावभर मिरवतो.

आता तुम्ही म्हणाल, कुत्रा बरा झाला ना? झाला. इतका बरा झाला की ससा गाठेल. पण तो पळत नाही. नाना त्याला सोडतच नाहीत. शेतात नेतात तेही दोर मनगटाला गुंडाळून. यंदाच्या पोळ्याला मी गेलो होतो. बैल रंगवलेले, मोकळे, गाय मोकळी, शेळीनं तर माझ्या पिशवीत तोंड घातलं. आणि ओट्याखाली सरपंच, चारी पाय सरळ, दोर ताणून उभा. मी म्हणालो, "नाना, आता सोडा की." नाना म्हणाले, "नही रे डाक्टर. एक डाव सोडं, त्याना पाय गया. आते नही सोडसू." आणि माझ्यापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं. मी जेवलो. दोनदा वाढून घेतलं.

नाना, तुम्ही दोर सोडलात म्हणून पाय वाकडा झाला नाही. तो मी वाकडा जोडला होता. पोळ्याच्या आधीपासून मला ठाऊक होतं.