उमाकांतचा नवा शाफ्ट

२००६ साली दिवाळीच्या सुमाराला माझा धाकटा भाऊ उमाकांत ओळीने काही रविवार घरी होता. जे त्याला ओळखत नाहीत त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण मैलापूरला त्याच्या बँकेच्या रिक्रिएशन क्लबात जाऊन विचारा, उमाकांत सार (तमिळमध्ये सरांना सारच म्हणतात) रविवारी कुठे असतात. शिपाईसुद्धा पूल खेळायच्या टेबलाकडे बोट दाखवील. लग्नानंतरचा पहिला रविवारही त्याने क्लबातच काढला होता, हे माझी भावजय विद्युलता आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अजून सांगते. आणि आता हा माणूस सकाळी पेपर वाचायचा, मग तोच पेपर मागून पुढे वाचायचा, आणि फोन वाजला की आंघोळीला जायचा.

"वन्सं, ह्यांची आजची ही दुसरी," विद्युलता म्हणाली. "कॉर्पोरेशनचं पाणी आहे म्हणून ठीक. टँकर मागवायचे दिवस असते तर मी फोनच काढून टाकला असता."

त्याला लाज वाटत होती. वाटायलाच हवी होती, म्हणून मीही त्याची समजूत काढायला गेले नाही.

आमचे वडील पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात होते. आम्ही दोघं या शहरातच वाढलो. मी मुलींच्या कॉलेजात गणित शिकवलं, उमाकांत बँकेत लागला. नोकरीत त्याने काही दिवे लावले नाहीत. प्रमोशन नाकारलं, कारण बदली झाली असती आणि टेबल सुटलं असतं. पण टेबलावर त्याचं एक नाव होतं. उत्तम खेळाडू म्हणून होतंच, त्याहून जास्त होतं ते सबब न सांगणारा माणूस म्हणून. आपल्याकडे हरलेल्या माणसाला पंख्याचा वारा लागलेला असतो, ट्यूबलाइट डोळ्यांवर आलेली असते, कापड ओलसर असतं. उमाकांत हरला की "छान खेळलास" म्हणायचा आणि खाली कॉफी प्यायला जायचा. नव्या पोरांना क्लबातले जुने लोक सांगायचे, हरायचं कसं ते सारांकडून शिका. त्याच्याजवळ कमावलेलं असं म्हणाल तर हेच.

त्या वर्षी त्याला बँकेच्या संघातून अखिल भारतीय स्पर्धेला जायचं होतं. पुढच्या मार्चमध्ये निवृत्ती, म्हणजे हीच शेवटची संधी. संघात एकच जागा उरली होती आणि ती निवडसामन्यातून ठरणार होती. अलीकडे लांबचे फटके त्याच्या हातून चुकू लागले होते. त्याला ते कळत होतं, आणि आपल्याला कळतं हे इतरांना कळू नये अशी त्याची धडपड चालली होती.

अशात रुचा आली. मूळची लातूरची, पेरुंगुडीला सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला वेलचेरी. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत तिने विचारलं, "काका, इथे मंडळात पूलचं टेबल नाही का हो?" कुणीतरी मराठीतून आपल्याला हे विचारावं यासाठी उमाकांत तीस वर्षं त्या रांगेत उभा होता असं मला वाटतं. दुसऱ्याच रविवारी तो तिला पाहुणी म्हणून क्लबात घेऊन गेला. मुलगी चांगलं खेळायची. तिच्याकडे क्यूला लावायचा लो डिफ्लेक्शन शाफ्ट होता, आणि उमाकांतला न जमणारे लांबचे फटके ती बोलता बोलता सहज मारायची.

यातलं मला काही कळत नव्हतं. आता नको इतकं कळतं. क्यू म्हणजे चेंडू मारायची काठी, तिचे दोन भाग असतात: मागचा जाड दांडा आणि पुढचा निमुळता शाफ्ट. दोन्ही आट्यांनी जोडतात. पांढऱ्या चेंडूला मधोमध मारलं तर तो सरळ जातो. त्याला फिरकी द्यायची म्हणून डावीकडे मारलं, तर तो फिरतो खरा, पण नेम धरलेल्या रेषेवरून जरासा उजवीकडे ढकललाही जातो. म्हणून खेळणारा मुद्दामच नेम थोडा चुकवून धरतो. किती चुकवायचा हे कुणी सांगत नाही; वर्षानुवर्षं खेळून हातालाच ते कळतं. लो डिफ्लेक्शन शाफ्टचं पुढचं टोक आतून हलकं केलेलं असतं. त्यामुळे चेंडू ढकलला जातो तो फार थोडा. नवशिक्याला वरदान. जुन्या खेळाडूचं काय, हा प्रश्न मला ऐकल्या ऐकल्या पडला होता. उमाकांतला पडला नाही.

रुचा ऑफिसच्या कामाने अमेरिकेला निघाली तेव्हा त्याने तिला तसा शाफ्ट आणायला सांगितला. तिने तिथून रात्रीची झोप मोडून फोन केला, दांड्याचे आटे कुठल्या मापाचे ते विचारून घेतलं, आणि म्हणाली, "काका, दोन प्रकार आहेत. एक अगदी हलका, त्यात चेंडू जवळजवळ सरळच जातो. दुसरा मधला आहे, तुमच्या जुन्याच्या जवळचा. तुम्ही मधला घ्या. तुमच्या हाताला जुनी सवय आहे."

"अर्धवट कशाला घ्यायचं?" उमाकांत म्हणाला. "हलकाच आण."

"अहो, पण मग सगळा नेम नव्याने बसवावा लागेल. मलाच तीन-चार महिने लागले."

"तुला लागले असतील गं!"

शाफ्ट आला तेव्हा निवडसामना तीन आठवड्यांवर होता. रुचाने त्याला बजावलं, सामना जुन्यानेच खेळा, हा नंतर सावकाश वापरा. माणसाने ऐकलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण त्याने तोवर तो शाफ्ट सगळ्या क्लबाला दाखवून ठेवला होता. मखमली पिशवीतून काढायचा, दिव्याखाली धरायचा, इकडे असला कुणाकडे नाही म्हणून सांगायचा. आता जुना लावला तर लोक काय म्हणतील? सरावात दहातले चार फटके बाहेर जात होते, तरी तो म्हणायचा, "येतंय, येतंय. हात बसतोय."

सामन्याला मी गेले होते, कारण विद्युलता म्हणाली की तिच्याच्याने बघवणार नाही. रुचाही आली होती. भिंतीकडेच्या बाकावर आम्ही शेजारी बसलो. समोर सुंदर होता, उमाकांतच्याच शाखेतला, त्याच्याच हाताखाली तयार झालेला. दोघांचे दोन-दोन डाव झाले. पाचव्यात टेबलावर फक्त काळा चेंडू उरला आणि पाळी उमाकांतची. सरळ मारला असता तर काळ्यामागून पांढराही टेबलाच्या मधल्या खिशात जाऊन डाव हातचा गेला असता, म्हणून फिरकी देणं भागच होतं. रुचा माझ्या कानाशी पुटपुटली, "काका, सरळ धरा, सरळ धरा." त्याने वाकून नेम घेतला आणि आयुष्यभर जसा चुकवत आला तसाच चुकवला. नव्या शाफ्टने चेंडू इमानेइतबारे तिथेच पाठवला. काळा खिशाच्या तोंडाशी आपटून थांबला. सुंदरने तो आत ढकलला, तेही मान खाली घालून.

इथवर वाईट काही झालं नव्हतं. माणसं हरतात.

उमाकांत सरळ उभा राहिला, शाफ्टकडे बघितलं, आणि तमिळमध्ये, चांगलं मोठ्याने म्हणाला, "वळंजिरुक्कु. वाकडा आहे हा. त्या पोरीने कुणाचातरी वापरलेला माझ्या गळ्यात मारलाय."

सुंदर भोळा आहे. त्याला खरंच वाटलं. "असं असेल तर बघू या ना सार," म्हणून त्याने शाफ्ट आट्यांतून सोडवला आणि टेबलाच्या कापडावर आडवा ठेवून बोटाने लोटला. वाकडी काठी उड्या मारत, डुगडुगत जाते. क्लबात सगळ्यांना माहीत असतं. हा शाफ्ट टेबलभर गुळगुळीत घरंगळत गेला आणि पलीकडच्या काठाला टेकला. सगळे बघत होते. उमाकांतने शाफ्ट उचलून पिशवीत घातला आणि जिना उतरून चालता झाला. मी वळून बघितलं तर बाकावर माझ्या शेजारी कुणी नव्हतं.

रिक्षात मी म्हटलं, "उमा, तू काय बोललास ते कळतंय का तुला?"

"तिला तमिळ येत नाही, ताई."

एवढंच म्हणाला. म्हणजे रागाच्या भरात सुटलेलं नव्हतं ते. पोरीला कळू नये आणि बाकी सगळ्यांना कळावं, एवढी अक्कल तेवढ्यात शाबूत होती. माझा सख्खा भाऊ. मी रस्त्याकडे तोंड करून बसले.

त्यानंतर त्या आंघोळी सुरू झाल्या. शेवटी एका शनिवारी मीच म्हटलं, "चप्पल घाल. वेलचेरीला जायचंय."

"ती भेटणार नाही."

"ते ती ठरवील."

वेलचेरीला आदल्या दिवशीच्या पावसाचं पाणी अजून रस्त्यावर होतं. टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर ती हल्ली खेळायला जायची ते पूल पार्लर. गाणी कर्कश लावलेली. रुचा एकटीच खेळत होती. आम्हाला बघून तिने क्यू खाली ठेवला नाही.

"बसा आत्या," ती मला म्हणाली. त्याला काही नाही.

उमाकांतने सुरुवात आट्यांपासून केली. आटे अगदी बरोबर बसतात, सामान उत्तम आहे, आपलाच हात. मग पावसाबद्दल बोलला. मला ते ऐकवेना.

"उमा, मुद्द्याचं बोल."

"मी त्या दिवशी जे बोललो... म्हणजे तुला कुणी सांगितलं असेल..."

"मला कुणी कशाला सांगायला हवं?" रुचा म्हणाली. "काका, मला इथे चार वर्षं झाली. रोज शेअर ऑटोवाल्यांशी भांडते मी. तुम्हाला काय वाटलं, खुणांनी भांडते?"

उमाकांतचा चेहरा मी त्याच्या लहानपणापासून बघत आले आहे. तो इतका उतरलेला मी वडील गेले तेव्हाही बघितला नव्हता.

"मराठीत बोलला असतात ना, तर मला एकटीला लागलं असतं," ती म्हणाली. "मी भांडले असते आणि संपलं असतं. तुम्ही मला बहिरी समजून बोललात. आता त्या क्लबात मी पाय टाकला की तिथल्या प्रत्येकाच्या मनात येणार, हीच ती, सारांना फसवणारी."

"चुकलो मी. माफ कर मला."

"मला इथे कोपऱ्यात नका सांगू. जिथे बोललात तिथे सांगा. आणि तमिळमध्येच सांगा." मग तिने फटका मारला. चेंडू खिशात गेला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. "ताई, तू चल," उमाकांत म्हणाला, शाळेच्या पहिल्या दिवशी म्हणायचा तसं. क्लबात आठ-दहा जण होते. तो टेबलाशी उभा राहिला आणि तमिळमध्ये बोलला: शाफ्ट नवा होता, सरळ होता, चूक माझ्या हाताची होती, त्या मुलीने मला आधीच सावध केलं होतं, तिला कळणार नाही असं समजून मी तिच्याबद्दल खोटं बोललो. सलग बोलला. मधे थांबला असता तर पुन्हा सुरू करणं त्याला जमलं नसतं.

क्लबचे सेक्रेटरी अनंतकृष्णन् चष्मा काढून म्हणाले, "सार, यादी वर गेली आहे. निवड आता बदलता येणार नाही."

"मी सामना पुन्हा मागत नाही आहे."

"नाही, रीतसर अर्ज केलात तर वर पाठवून बघू, पण..."

"अहो, नाही मागत मी!"

सुंदर बिचारा टेबलाच्या कडेकडेने आला. "विडुंग सार. सोडा ना. कुणाच्या लक्षातसुद्धा नाही."

सगळ्यांच्या लक्षात होतं. प्रत्येक जण खडू घासत होता नाहीतर छताकडे बघत होता. ऐकायचं कुणालाच नव्हतं. त्याच्या त्या दिवसाच्या बोलण्यापेक्षा आजचं बोलणं त्यांना जड जात होतं. उमाकांतला मात्र वाटलं होतं की बोललं की काहीतरी हलकं होईल. ते झालं नाही. एकाने विचारलं, टेबल रिकामं आहे का, आणि तो बाजूला झाला.

घरी येऊन त्याने रुचाला फोन लावला. स्पीकर त्याने चालू केला की चुकून झाला, कोण जाणे, पण आम्ही दोघींनी ऐकलं.

"सांगितलं मी. सगळ्यांना. तमिळमध्ये."

"कळलं. सुंदरचा फोन आला होता."

"मग... येशील ना रविवारी?"

तिकडे मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"बघते काका. या महिन्यात ऑफिसचं काम खूप आहे."

"हो, हो. काम आधी."

त्याने फोन ठेवला. विद्युलता पदराला हात पुसत आली. एरवी ती त्याला सोडत नाही, पण त्या दिवशी नुसतंच म्हणाली, "काय म्हणाली हो ती?"

"येणार नाही ती," उमाकांत म्हणाला, आणि ताट घ्यायला आत गेला.