श्वास आधी सोडायचा

फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं तर रिफ्रेशर कोर्सचं सर्टिफिकेट लागतं, म्हणून त्या रविवारी दुकान बंद ठेवून मी मीरा रोडच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये जाऊन बसले. शेवटच्या रांगेत, पंख्याखाली. दोन रविवार काढायचे, सही करायची, कागद घेऊन घरी यायचं, एवढाच माझा हिशेब. भाईंदर पश्चिमेला बावीस वर्षं मेडिकल चालवतेय. मला आता कोण काय शिकवणार?

मग पहिल्या रांगेत ती दिसली. वही उघडून बसली होती.

ती उत्तनजवळच्या पालीची. कोळ्यांच्या घरातली, दोन मुलांची आई. तिशी उलटल्यावर तिने डी. फार्म केलं आणि ट्रेनिंगचे तीन महिने माझ्या काउंटरवर काढले. त्याला चार वर्षं झाली असतील. तेव्हा मी तिच्याशी फार चांगली वागले, असं म्हणवत नाही. पहिला आठवडाभर तिला कपाटं पुसायला लावली. गिऱ्हाइकांशी ती त्यांच्या बोलीत बोलायला लागली की मी मध्येच "काय हवंय?" असं विचारून तिला गप्प करायचे. तिला औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडून वाचायची सवय होती. मी तो कागद सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, ती तो उचलून पर्समध्ये ठेवायची.

ट्रेनिंग संपलं, वर्षभराने तिने पालीला स्वतःचं दुकान टाकलं. उत्तन-पालीची माणसं माझ्याकडे यायची बंद झाली. ते मी समजून घेतलं, त्यांना ती जवळ. पण माझ्या मागच्याच बिल्डिंगमधल्या एक बाई साखरेचं औषध आणायला रिक्षा करून पालीला जायला लागल्या, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी हसत हसत विचारलं, तर म्हणाल्या, "ती नीट समजावते हो. घाई करत नाही." त्या दिवसापासून कुणी पालीचं नाव काढलं की माझं तोंड कडू व्हायचं.

दुपारच्या सत्राला छातीचे एक डॉक्टर आले. त्यांनी दम्याचे सरावाचे पंप, औषधाऐवजी नुसता फवारा असलेले, टेबलावर मांडले आणि विचारलं, "कोण वापरून दाखवतंय?" सगळे खाली बघायला लागले. माझ्या शेजारचे काशीगावचे दुकानदार मला म्हणाले, "मॅडम, आप ही जाओ. आप तो सबसे सीनियर हो." मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ती बघत होती म्हणून जरा जास्तच ताठ चालत मी पुढे गेले.

टोपण काढलं, पंप तोंडात धरला, दाबला. ओठांच्या कडेने पांढरा फवारा बाहेर आला. हॉलमध्ये हसू पसरलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हलवला नाहीत. आधी श्वास सोडला नाहीत. नंतर रोखून धरला नाहीत. औषध छातीत गेलं नाही, हवेत गेलं. आणखी कोण?"

ती उठली. पंप हलवला, सगळा श्वास सोडला, ओठ घट्ट मिटून सावकाश आत ओढता ओढता दाबला, मनात दहा मोजत थांबली. डॉक्टरांनी विचारलं, "कुठे शिकलात?"

"ह्या मॅडमच्या काउंटरवर," ती माझ्याकडे बोट करून म्हणाली.

लोक पुन्हा हसले. मला वाटलं, तिने भर सभेत माझा पाणउतारा केला. त्यावर कळस म्हणजे डॉक्टर तिला म्हणाले, "पुढच्या रविवारी हा भाग तुम्हीच घ्या." चहाला मी थांबलेसुद्धा नाही.

दुकानाच्या वरच आमचं घर, तिथे माझे सासरे असतात. त्यांना दमा आहे, पंप मीच आणून देते आणि कसा घ्यायचा ते मीच शिकवलं होतं. संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, पंप घ्या बरं माझ्यासमोर." मनाची तयारी केली होती की आता चुका दिसतील आणि त्या मलाच सुधारायला लागतील.

बाबांनी पंप हलवला. श्वास सोडला. सावकाश ओढला, रोखला, बोटांवर दहा मोजले. मग उठून चूळ भरून आले.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाबा घुटमळले. "ती पालीची होती ना तुझ्याकडे, तिने. तू जेवायला वर यायचीस तेव्हा मी दुकानात जाऊन बसायचो. तिने बघितलं आणि दोन-तीन दुपारी करून घेतलं माझ्याकडून. तेव्हापासून जिना चढवतो मला."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

चार वर्षं माझ्याच घरात तिचा पंप चालला होता. बाबांना दम लागायचा कमी झाला, तो मी आणलेल्या औषधाने, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

मंगळवारी दुपारी स्कूटर काढून पालीला गेले. गल्ली इतकी अरुंद की समोरून बाइक आली तर पाय उचलून थांबावं लागतं. तिचं दुकान माझ्या निम्मंही नव्हतं. ती एका म्हातारीला पंप शिकवत होती, "आधी श्वास पुरा सोड गो बाय. घाई न्हाय." मला बघून तिने आतली खुर्ची बाहेर ओढली. मी बसले नाही. म्हातारी जाईपर्यंत दारातच उभी राहिले.

मग म्हटलं, "बाबांचं मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं मॅडम. एकदा. मी म्हटलं, मॅडम, बाबा पंप घेतात त्यापेक्षा खोक्यातल्या कागदावर पद्धत वेगळी दिलीय. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईक थांबलंय."

मला ते आठवलं. शब्दही आठवले, मी तिच्याकडे न बघता बोलले होते तेही आठवलं. यावर मला सॉरी म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "दुकानाला रंग चांगला दिलायस," आणि स्कूटरला किक मारली.

पुढच्या रविवारी ती शिकवायला उभी राहिली. सुरुवातीला वहीत बघून बोलत होती. मी रात्रंदिवस एकच विचार केला होता, तिला न येणारं काहीतरी विचारायचं. सगळं संपत आलं तसा मी हात वर केला. "दम्याची पावडर यंत्रातून ओढतात, तिची कॅप्सूल आपल्याकडे पावसाळ्यात चिकटते, पावडर नीट बाहेर येत नाही. पेशंटला काय सांगायचं?"

तिने वहीची दोन पानं मागे उलटली. ह्याच क्षणासाठी मी आले होते.

"मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "पण मॅडमना माहीत असणार. त्या सांगतील का?"

सगळ्या माना मागे वळल्या. उठावंच लागलं. मी सांगितलं, लोक सोयीसाठी कॅप्सूल आधीच यंत्रात भरून ठेवतात, तिथे ती दमट होते. घ्यायच्या वेळीच पाकिटातून काढायची, हात कोरडे हवेत, यंत्र धुतलं असेल तर पूर्ण वाळवायचं. बोलत गेले तसे लोक लिहून घ्यायला लागले. तीही वहीत लिहीत होती. डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर."

कौतुक झालं, टाळ्याही झाल्या. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा जितका हेवा वाटला तितका आधी कधीच वाटला नव्हता. तिच्या जागी मी असते तर "बघून सांगते" म्हणून विषय संपवला असता. माझ्याकडे बोट करून माझं नाव मोठं करणं मला सुचलंच नसतं.

आता मीही पंप देताना गिऱ्हाइकाकडून एकदा करून घेते. मागे दोघे-तिघे थांबलेले असतात, थांबू देते. कोर्सच्या ग्रुपवर तिचे शिकवतानाचे फोटो येतात. सगळे लगेच शाबासकी देतात. मीही देते, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी.